धर्मा कोळ्याचा रेकला

परळला त्या वेळी रेकले काय कमी होते? पण नुसतं "रेकला गेला" म्हटलं की लोक समजायचे, धर्माचा गेला. दोन चाकं, दोन बुटके चपळ बैल, वर एवढंसं छप्पर, आत दोन माणसं दाटीवाटीनं बसणार, एवढीच ती गाडी. पण पळायची म्हणजे काय! भायखळ्याला ट्रामचे घोडे फेस गाळत असायचे आणि हा पठ्ठ्या शेजारून घुंगरं वाजवत निघून जायचा. आतला उतारू छपराची काठी धरून देवाचं नाव घ्यायचा आणि उतरल्यावर मात्र चार जणांना मिरवून सांगायचा, आज धर्माच्या रेकल्यातून आलो म्हणून.

आणि त्याची हौस! बायकोला कुणी इतकं नटवलं नसेल. चाकांचे आरे गेरू नि जवसाच्या तेलात रंगवायचे, वर चुन्याचे ठिपके द्यायचे. पितळेच्या घंटा रोज चिंचेनं घासायच्या. फुटक्या आरशाचे तुकडे राळेनं छपराच्या कडेला चिकटवायचे, म्हणजे उन्हात ते सबंध रस्त्यावर चकाकणार. यातली एकही वस्तू त्यानं बाजारातून विकत आणली नव्हती बरं का. कुणाच्या परसातली चिंच, कुणाच्या घरचा फुटका आरसा, गिरणीच्या फाटकाबाहेर पडलेल्या चिंध्या. मोठे शेट लोक आपली व्हिक्टोरिया बग्गी सजवायला कारागीर बोलवायचे, धर्मा रविवारी सकाळी स्वतः मांडी घालून बसायचा. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं, पण हौसेला हात लागतात, आणि ते त्याच्याकडे होते.

हे हात मुळात जाळं विणणारे. धर्मा जातीचा कोळी, शिवडीच्या बंदरावर त्याची होडी होती. मग बायको, शांती, तापानं गेली, आणि पदरात राहिली एवढीशी मालन. होडी घेऊन गेलं की दोन-दोन रात्री पाण्यात, पोर कुणाकडे ठेवणार? बहिणीला, सोनूबाईला, आपलीच पाच पोरं. धर्मानं होडी विकली आणि रेकला घेतला. लोकांनी नाकं मुरडली. कोळ्याच्या पोरानं बैल हाकायचे? "समिंदराला लाज आणलीस रे!" म्हणाले. धर्मा म्हणाला, "समिंदर माझ्या पोरीची वेणी घालनार हाय काय?" आणि मालनला शेजारी बसवून त्यानं बैल हाकले. ती पोर त्या रेकल्यावरच वाढली. उतारू नसला की "बा, पळव!" म्हणायची, आणि हा पळवायचा.

अशी ती मालन लग्न होऊन करी रोडला गेली. सासरचीही माणसं कोळीच, पण समुद्र सोडून गिरणीत शिरलेली. जावई जयवंत साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, काम करायचा, मोठा गुणी पोरगा. सासू गंगुबाई मात्र कडक. त्याला कारण होतं. चाळीत येऊन बिऱ्हाड मांडलं तेव्हा शेजारच्या बायकांनी पदर नाकाला लावला होता. सुके बोंबील वाळत घातले की गॅलरीत बोलणी, मासळी शिजली की बोलणी. तेव्हापासून गंगुबाईनं असं काही अंगी बाणवलं की विचारू नका. घरात सुकट नाही, जाळ्याचा तुकडा नाही, अंगाला चंदनाचा साबण. कोणी "काय कोळीणबाई" म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायची.

मालनला दिवस गेले. धर्मा इतका हरखला की बैलांना गूळ चारला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर जगाची रीत. शांती नसली म्हणून काय झालं, सोनूबाई येऊन राहणार होती, तिची पोरं आता हाताशी आली होती. पण सातवा लागून गेला तरी करी रोडहून काही हालचाल नाही. शेवटी जयवंतच एकदा कामावरून सुटून परळला आला. खाली मान घालून उभा राहिला.

"मामा, आय पाठवनार नाय म्हनते," तो म्हणाला. "मालनच्या पोटात अन्न ठरत नाय. काय दिलं तरी उलटून पडतं. रोडावलीय. त्यात तुमचा रेकला. आय म्हनते, ती उधळती गाडी आनि हा खड्ड्यांचा रस्ता, माझं नातवंड वाटेतच व्हायचं. आनि दुसऱ्याच्या गाडीतनं मालन यायला तयार नाय."

"मालन काय म्हनते?"

जयवंत उंबऱ्यावर टेकला. "ती काय बोलत नाय. रात्री उशीत रडते. काल एवढंच म्हनाली, बाला सांगा, मना न्यायला ये."

 धर्मानं जावयाला चहापाणी केलं, पोचवून आला, आणि मग गोठ्यात बैलाच्या मानेवर डोकं टेकून उभा राहिला. मालन त्याची एकुलती एक. तिच्या बाळंतपणाला आई नव्हती, निदान आईचं घर तरी असावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि ते अडलं होतं त्याच्या स्वतःच्या नावलौकिकावर! जो वेग दाखवून जन्मभर मिरवलं तोच आता आडवा आला. वा रे वा, असंही असतं.

दुसऱ्या दिवसापासून रेकला बाहेर निघेना. लोकांना वाटलं, बैल आजारी. धर्मा आत कामाला लागला होता. पहिल्यानं त्यानं बसायची फळी उपटून काढली. तिच्या जागी काथ्याच्या दोरीचं जाळं विणलं, घट्ट, दुहेरी गाठीचं, मोठ्या माशाला विणतात तसं. त्यात स्वतः बसून पाहिलं, उडी मारून पाहिली, सोनूबाईला बसवून पाहिलं. सोनूबाई चांगली वजनदार बाई, ती म्हणाली, "अरे, पाळन्यात घातलंस की मना!" जाळ्यावर टाकाऊ कापसाची गादी. गादीचं कापड ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळून रंगवलं, शीड रंगवतात तसं, लालसर तपकिरी. चाकांच्या लोखंडी धावेवर जुने दोर गुंडाळून आवळले, म्हणजे दगडावर आवाज नाही, हिसका नाही. एका फेरीत ते झिजणार होते. झिजू देत, एकच फेरी तर करायची होती. आसाला एरंडेल पाजलं. आरसे काढून टाकले, मालनच्या डोळ्यांवर तिरीप नको म्हणून. घंटांच्या आत कापूस भरला.

सगळं झालं आणि धर्मा लांब उभा राहून बघायला लागला. गाडी झाली होती देखणी, पण लाकूड उन्हानं फिकं पडलेलं, कोरडं. विहीणबाईच्या दारात असं नेणार? रोगण आणायची ऐपत नव्हती, आणि गरजही वाटली नाही. लाकूड चमकवायचं तर कोळी काय लावतो? बापानं लावलं, आज्यानं लावलं, त्यानं स्वतः होडीला वर्षानुवर्षं लावलं, तेच त्यानं लावलं. मुशी माशाच्या काळजाचं तेल. सोनूबाईनं शिवडीहून गाडगं भरून आणलं. दोघा भावंडांनी चिंध्यांनी चोळचोळून ते दांड्यांना, कठड्याला, छपराच्या काठ्यांना जिरवलं. लाकूड काळंभोर, तुकतुकीत झालं. धर्मानं हात फिरवला नि खूश झाला. आता त्या तेलाला वास येतो, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. कसं येणार? जन्मल्यापासून नाकात तोच होता. तुम्हाला तुमच्या घराचा वास येतो का कधी?

निघाला. धुतलेली टोपी, खांद्यावर नवा रुमाल, आणि बैल पावलापावलानं. लालबागच्या नाक्यावर हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. पानवाला रघु ओरडला, "अरे धर्मा, बैलांना झोप लागलीय की तुला?" एक बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन त्याच्या पुढं निघून गेली. धर्मा सगळ्यांकडे बघून हसत होता. लोक नाक दाबतात हे त्यानं पाहिलं, पण त्याला वाटलं, गटार तुंबलं असेल.

चाळीपुढं रेकला थांबला तशा गॅलऱ्या भरल्या. गंगुबाई खाली आली. तिनं जाळ्याची बैठक पाहिली, दोर गुंडाळलेली चाकं पाहिली, आणि क्षणभर तिचा चेहरा मऊ झाला. मग वारा फिरला.

"व्याहीबुवा," ती दबल्या आवाजात म्हणाली, "हे काय लावलंय?"

"तेल, विहीनबाई. मुशीचं. बघा कसं चकाकतंय."

वरून शेजारची रमाबाई, तेव्हा पदर नाकाला लावणाऱ्यांतलीच एक, मोठ्यानं म्हणाली, "अगंबाई, गंगुबाईंकडे आज मासळीचा खटारा आला वाटतं!" आणि गॅलरीभर खसखस पिकली.

गंगुबाईचं तोंड लाल झालं. इतक्या वर्षांचा साबण आणि इतक्या वर्षांची अब्रू एका गाडग्याभर तेलात बुडाली होती. ती म्हणाली, "तुमाला काय कळतं की नाय? तिला पान्याचा घोट ठरत नाय, आनि या घानीत बसवून न्यायची? आतडी बाहेर पडतील पोरीची! जा तुमी. घेऊन जा हा रेकला. मालन इथंच बाळंत होईल."

धर्मानं आपला हात नाकाशी नेला. हुंगला. त्याला कसलाही वास आला नाही, आणि तेव्हा कुठं त्याला समजलं. बिचाऱ्याचं तोंड बघवेना. खांद्यावरचा नवा रुमाल काढून तो कठडा पुसायला लागला. तेल थोडंच पुसलं जातं? ते आत मुरलं होतं, दोघांनी मुरवलं होतं. तरी तो पुसत राहिला. "धुतो, विहीनबाई," म्हणत होता, "रिठ्यानं धुतो, उद्या आनतो. चूक झाली. उद्या आनतो."

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. मालन, भिंतीला धरून, एकेक पायरी उतरत येत होती. गालफडं बसलेली, डोळे मोठे झालेले.

"वर जा गो!" गंगुबाई धावली. "इथं येऊ नको, मळमळंल!"

मालन थांबली नाही. रेकल्याजवळ आली, कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि त्या काळ्या लाकडावर गाल टेकला. गंगुबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आता ओकणार म्हणून. मालननं एकदा दीर्घ श्वास घेतला. आणखी एकदा घेतला. डोळे मिटले.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मना भूक लागली."

गंगुबाई बघतच राहिली. "काय म्हनालीस?"

"भूक लागली. भाकरी आनि सुकट खावीशी वाटते. कितीतरी दिस वाटते, पन घरात मागू कशी?"

वर गॅलरीत कुणी हसत होतं. गंगुबाईला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. ती सुनेच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत होती. मग तिनं सावकाश आपला हात त्या तेलकट दांड्यावर ठेवला, उचलला, आणि नाकाशी नेला. पुष्कळ वेळ तो तिथंच राहिला. तिच्याही बापाची होडी होती वरळीला. तिनंही लहानपणी या तेलानं हात माखून घेतले होते आणि आईच्या हातचा मार खाल्ला होता.

मग बाई अशी काही वळली की गॅलरी चिडीचूप झाली. "काय बघताय गो?" ती कडाडली. "कोळ्याचा रेकला हाय, कोळ्याचा वास येनार! मोगऱ्याचा येईल काय? मी कोळीन, माझी सून कोळीन, आनि पोटात हाय तेपन कोळ्याचंच! रमाबाई, तुमच्या घरी सुकट नसंल ठाव हाय मना, पन भाकरी असली तर टाका खाली. पोर उपाशी हाय."

आणि नवल बघा, रमाबाई स्वतः भाकरी घेऊन खाली आली. खाली मान घालून, पण आली. नाक्यावरून कुणी मूठभर सुकट आणून भाजली. मालन जाळ्याच्या बैठकीत बसून खाऊ लागली. पहिला घास गेला, दुसरा गेला, सगळे श्वास रोखून बघत होते, चाळच्या चाळ. काही उलटलं नाही. गंगुबाई पदरानं डोळे पुसत होती आणि वर "हळू खा, पळतंय काय कुठं" म्हणून दटावत होती.

लुगड्यांचं बोचकं वर चढवलं, मालनच्या पाठीशी उशी दिली. धर्मा आपल्या जागेवर चढून बसला.  गंगुबाईनं चाकावर हात ठेवला.

"व्याहीबुवा, हिला आय नाय म्हनून मी पाठवत नव्हते," ती म्हणाली. "मना वाटलं, बापाला काय समजनार. चुकले मी. बाळ झालं की दोघांना याच रेकल्यातून आना. आनि येताना तेल परत लावून आना."

धर्मानं मान हलवली नि कासरा उचलला. बैल चालू लागले, पावलापावलानं. आणि बायको गेली तेव्हा पोर घाबरेल म्हणून जो रडला नव्हता, होडी विकली तेव्हा जो रडला नव्हता, तो माणूस भर लालबागच्या रस्त्यात, लोकांदेखत, ओक्साबोक्शी रडायला लागला. पुढचं काही दिसेना त्याला.

मागून मालननं तोंडातला घास संपवला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बा," ती म्हणाली, "रडतोस काय? कासरा दे माझ्याकडं. घर मना ठाव हाय."