धूरबंदी

पाचव्या महिन्यात यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी मला धुराधुळीपासून लांब राहायला सांगितलं, आणि माझ्या सासूबाईंनी ते असं काही मनावर घेतलं की विचारू नका. घरापुढे रस्त्याचं काम चालू, ट्रकांची ही रांग. खिडक्यांना ओल्या साड्या टांगल्या गेल्या. सासऱ्यांची विडी बंद. नवऱ्याने गाडी कोपऱ्यावर बंद करून घरापर्यंत ढकलत आणायची, असा हुकूम निघाला. शेजारच्या मास्तरांनी कचरा पेटवला तर सासूबाईंनी कुंपणावरून बादली रिकामी केली. कचऱ्यासोबत मास्तरही भिजले. सातव्यात मला माहेरी बाभुळगावला धाडलं, तर तिथे वावरावावरात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळणं सुरू. चौथ्या दिवशी मी परत.

एवढा बंदोबस्त करूनही पोरगी आठव्यातच आली. पावणेदोन किलोची. बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. धुरानेच झालं का, असं विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यानेही होतं, पण एका बाळाबद्दल छातीठोक नाही सांगता येत. मला कोणाच्या तरी नावाने बोटं मोडायची होती, तीही सोय राहिली नाही. घरी सोडताना त्यांनी बजावलं की हिची फुप्फुसं अजून कच्ची आहेत, धूर अजिबात नको.

घरी येऊन पाहते तर बाजेखाली शेगडी पेटलेली, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. बाळाला धुरी द्यायची तयारी! ज्या घरात चार महिने अगरबत्ती लागली नाही, तिथे. माझं डोकंच फिरलं. सासूबाईंचं म्हणणं, हा काय धूर आहे का, हे तर औषध. मी पोरीला उचललं आणि थेट फाटकाबाहेर ट्रकांच्या धुराधुळीत जाऊन उभी राहिले. आत ये, तिथे धूर आहे, म्हणून त्या ओरडून राहिल्या. अगोदर तुमचा विझवा, म्हणून मी. शेवटी चिडून त्यांनी शेगडीवर तांब्याभर पाणी ओतलं. झालं! घरात असा लोट उठला की सासरे, नवरा आणि त्या स्वतः, सगळे खोकत खोकत रस्त्यावर.

कोणी हसलं नाही. सासूबाईंनी पोरीच्या तोंडावर पदर धरला, तिची छाती हलते का ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "जगन नं वं हे पोरगी?"

पोरगी जगेल ना, बावीस दिवस डॉक्टरीणबाईंना हेच विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. "जगन, आई," मी म्हटलं, आणि भर रस्त्यात ढसाढसा रडले.