शेवटचा वॉफल

माझी फजिती ऐकायचीय? मग आधी हातातला कप खाली ठेवा, चहा सांडेल.

लेकीकडे न्यूझीलंडमधल्या पापाकुराला येऊन मला चार महिने झाले होते. ती आणि जावई कामाला गेले की घरात मी आणि भिंती. पुण्यात पंगतीच्या पंगती वाढणारी बाई मी, इथे दोन डबे भरले की दिवसभर बेकार! शेजारच्या इन्ग्रिडबाई मूळच्या नॉर्वेच्या. त्यांना माझी दया आली असावी. म्हणाल्या, रविवारी आमच्या चर्चमध्ये चला, बंदरात आलेले आमच्याकडचे खलाशी येतात, प्रार्थनेनंतर वॉफल, म्हणजे साच्यातले गोड जाळीदार घावन असतात, मदतीला माणसं हवीच असतात. मदतीला! मला तेवढंच हवं होतं.

निघताना लेकीने बजावलं, "आई, तिथे कुणाला आग्रह करू नकोस हं." मी कशाला करते?

प्रार्थना झाली. टेबलाभोवती आठ उंचच उंच खलाशी, प्रार्थना सांगणारे पाळक आणि आम्ही दोघी. वॉफल भराभर संपले, एकच उरला. त्याला कुणी हात लावेना. मग एकाने त्यातला अर्धा घेतला. दुसऱ्याने उरलेल्यातला अर्धा. तिसऱ्याने त्याचाही अर्धा! शेवटी नखाएवढा तुकडा राहिला आणि सगळे त्याच्याकडे न बघता हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले.

सांगा, तुम्हाला बघवलं असतं? समुद्रावरून आलेली लेकरं, आणि एका वॉफलची अशी वाटणी!

मी पदर खोचला आणि किचनमध्ये शिरले. भिजवलेलं पीठ होतंच. गरम वॉफल काढायचे आणि ज्याच्या त्याच्या ताटलीत वाढायचे. बिचारे थँक यू म्हणून मुकाट्याने खायचे, ताटली रिकामी झाली की मी हजर. जो नको म्हणाला त्याला गळ्याची शपथ घातली, तीही मराठीत. पाळकांच्या ताटलीत तर मागून जाऊन दोन सरकवले. एका दाढीवाल्याने पट्टा सैल केला तेव्हा मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू! पीठ संपलं तेव्हाच थांबले.

परतताना इन्ग्रिडबाईंनी गाडी सुरू केली. मग हळूच म्हणाल्या, "शेवटचा तुकडा आमच्याकडे कुणीच उचलत नाही. हावरटपणा दिसतो. पोटं सगळ्यांची तेव्हाच भरली होती."

"मग माझे का खाल्ले?"

"तुम्ही वाढलेत ना. टाकणं बरं दिसत नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. इतक्या महिन्यांनी हाताला काम मिळालं होतं, तेही मीच घालवलं. घरी येऊन चक्क रडले.

पण गुरुवारी पाळकांचा फोन आला. रविवारी नक्की या, तुमच्यासाठी कायमचं काम नेमून ठेवलंय, म्हणाले. मी ठेवणीतली साडी नेसून गेले.

किचनच्या दारावर कामांची यादी लावली होती. माझं नाव सगळ्यात वर! पुढे लिहिलं होतं, 'भांडी घासणे'. आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढून, 'फक्त भांडी'.