देव्हाऱ्यातल्या शपथा आता कोर्टात

मैत्रिणींनो, आज वसई कोर्टात आमच्या भाडेकरूवर घर खाली करण्याचा दावा ठोकून आले.

चंदनसारचा आमचा फ्लॅट तो सोडत नाही आणि त्यापायी मुलाचं लग्न अडलंय. दर सणाला येऊन आमच्या देव्हाऱ्यासमोर हात जोडायचा, "वहिनी, देवीची शपथ, एवढा सण झाला की जातो." देवीचं नाव घेतलं की मी गप्प बसायचे.

संध्याकाळी ह्यांनी फोनवर कळवताच धावत आला आणि चपला काढून थेट देव्हाऱ्याकडे निघाला. मी दारातच अडवलं. "इथल्या शपथा संपल्या, भाऊ. आता पिंजऱ्यात उभं राहून जज्जसाहेबांपुढे घ्या."

त्याचं तोंड एवढंसं झालं. तो जाताच मी देवीला शिऱ्याचा नैवेद्य दाखवला. माझं काही चुकलं का?