नळी कुणाची?

लग्नाआधी मी बंदूक हातात धरली होती ती जत्रेतली, फुगे फोडायची. त्या दिवशी एकही फुगा फुटला नव्हता. तरीही गेल्या वर्षी कराडजवळच्या आमच्या गावात, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून मी फिनलंडच्या जुन्या लष्करी रायफली ओळखत होते.

काम परदेशातल्या एका लिलाव कंपनीचं. आधी त्यांनी मला चांदीच्या चमच्यांवरचे शिक्के वाचायला दिले होते. झिजलेली बारीक अक्षरं मला बरी वाचता येतात असं दिसल्यावर रायफलींचे फोटो येऊ लागले. फोटो मोठा करायचा, नळीवरचे छाप वाचायचे आणि तक्त्यात भरायचं: मॉडेल कोणतं, बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप किती, नळी कुठं घडली. फिनलंडवाल्यांची गंमत अशी, की नळी ज्यात बसते तो मधला भाग ते स्वतः करतच नव्हते. रशियाच्या जुन्या रायफली घ्यायच्या आणि त्यांना नवी नळी चढवायची. ती कधी त्यांच्याच कारखान्यातली, कधी स्वित्झर्लंडची, कधी जर्मनीची, कधी बेल्जियमची.

"म्हंजे पोरगी रशियाची, दिली फिनलंडात," माझे सासरे म्हणाले, "आन् दागिनं बेल्जमचं."

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते निवृत्त हवालदार. फौजेत पलटणीची हत्यारं दुरुस्त करायचे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं उसात जाणं बंद झालं होतं, म्हणून माझ्या खुर्चीमागं स्वतःची खुर्ची ओढून बसायचे. पण कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नव्हता.

"काचंतली नळी ही काय नळी व्हय? कागदावर काढून आण."

मी कराडला जाऊन वीस मोठे फोटो छापून आणले. फोटोवाल्यानं एकेक रायफल मोजून पाकिटात घातली आणि हळूच विचारलं, "ताई, घरी समदं ठीक हाय न्हवं?"

घरी आल्यावर मामांनी पहिल्याच फोटोला भिंग लावलं आणि सासूबाईंना हाक मारली. "अगं ए, इकडं ये! चौकटीत काय लिवलंय बघ. एस आन् ए. सातारा! ही आपली रायफल हाय!"

मी सांगितलं, की ती फिनलंडच्या सैन्याची खूण आहे. त्यांच्या भाषेत त्या देशाचं नाव सुओमी, त्याचा तो एस, आणि ए सैन्याचा.

"मग आपुन फिनलंड का म्हनतो?"

मी ते इंटरनेटवर शोधायला लागले. माझी बाजू लंगडी आहे असं ठरवून मामा काठी टेकत ही बातमी सांगायला डेअरीकडं गेले.

संध्याकाळी ओट्यावर तीन निवृत्त फौजी हजर. त्यांत हुद्द्यानं मोठे एक सुभेदार. त्यांनी चहाला हातसुद्धा लावला नाही.

"माझा आजा पयल्या म्हायुद्धाला गेला, तो मोकळ्या हातानं परत आला," ते म्हणाले. "त्येची रायफल कुठं गेली ते आज कळलं. कंपनीला पत्र लिव."

"काका, ही खूण अशा हजारो रायफलींवर आहे."

"मग हजारो माग."

त्यांनी उभ्यानं मजकूर सांगितला. मी त्याचं इंग्रजी केलं, खाली माफीची एक ओळ घातली आणि पाठवून दिलं. नोकरी गेलीच असं धरून रात्री झोपले.

दुसऱ्या दिवशी कामात एक रायफल अडली. नळीच्या बुडाशी झिजलेला इंग्रजी आठाचा आकडा, त्याच्यापुढं काहीच नाही. मी तो कसला तरी अनुक्रमांक धरून नळीच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं. मामांनी मागून काठीनं माझ्या खुर्चीला टोचलं.

"आठाची पाठ गोल असती. हिची पाठ सरळ हाय. ही इंग्रजी बी हाय. एकदा मी स्टोअरात असंच बीच्या जागी आठ लिवलं आन् साहेबानं आठ दिवस परेड करायला लावली."

बी म्हणजे बेल्जियमची नळी. मी रकाना बदलला. मग मामांना अवसान आलं. बोअर सात बासष्ट, म्हणजे ७.६२ मिलिमीटर, असं मी म्हटल्यावर म्हणाले, "आमची बी सात बासष्टच हुती. तीच गोळी चालंल."

"नाही मामा. हिचं काडतूस निराळं, बुडाला कड असते."

दुसऱ्या एका नळीवर 'डी' दिसताच ते ओरडले, "डिफेक्टिव! बाजूला काढ!" प्रत्यक्षात ती नळी नव्या जड गोळीसाठी जुळवून घेतल्याची खूण होती. तेवढ्या डीवरून मामा जेवणापर्यंत माझ्याकडं पाठ करून बसले.

आठवड्यानं कंपनीचं उत्तर आलं. बी ओळखल्याबद्दल शाबासकी होती आणि सुभेदारांच्या पत्राला अगदी गंभीर उत्तर होतं: आमच्या नोंदींत साताऱ्याचा उल्लेख सापडत नाही.

"बघा!" सुभेदार ओट्यावरून गरजले. "न्हाई म्हनत न्हाईत. नोंद सापडत न्हाई म्हनत्यात. म्हंजे नोंद हरवली."

सगळे मामांकडं बघायला लागले. मामांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. फौजेत बावीस वर्षं त्यांनी छाप वाचले होते, आणि खोटा छाप त्यांना सोसत नव्हता.

"सुभेदारसाहेब, मार्क फिनलंडचाच हाय. मी चुकलो."

सुभेदार उठून गेले ते पंधरा दिवस फिरकले नाहीत. मामा रोज डेअरीवर जाऊन सुभेदार दिसले का, ते विचारून यायचे.

मग एका सकाळी सुभेदार स्वतःच आले. पिकाच्या रक्षणासाठी त्यांच्याकडं परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे, तिचे मोबाइलवर फोटो काढले होते. अर्ध्या फोटोंत नुसता त्यांचा अंगठा.

"वडलांनी घेतलेली, विलायती हाय," ते म्हणाले. "पर नळी कुठली, तेवढं लिवून दे."

एका फोटोत छाप अगदी स्वच्छ होता: मेड इन इंडिया. मी मामांकडं मोबाइल दिला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, मग मोबाइल दोन्ही हातांनी परत केला.

"नळी एकदम सरळ हाय, साहेब. अशी आता मिळत न्हाई."

"तेच म्हनतोय मी. लिव पोरी."

मी लिहिलं: बोअर बारा, नळी उत्तम. कुठली, तो रकाना कोरा सोडला. सुभेदारांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि त्या दिवशी दोन कप चहा घेतला.