गवळणीच्या कड्यावर ढाण्याचा कळप

गवळणीच्या कड्यावर जायचं ठरलं ते कड्यासाठी नव्हे, कुत्र्यासाठी.

नामा आटपाडीकडचा, धनगराघरचा. त्याची माझी ओळख साताऱ्यात, लष्करभरतीच्या रांगेत झाली. माझी छाती मोजायची वेळ आली तेव्हा मी पलीकडे उसाचा रस प्यायला गेलो होतो. परत आलो तर साहेब लोक टेबलखुर्च्या उचलत होते. नामा मात्र घेतला गेला. पुढं ट्रेनिंगचा हुकूम आला आणि बेळगावची गाडी धरायला तो साताऱ्यात येऊन थांबला, सोबत ढाण्याला घेऊन.

ढाण्या म्हणजे नामाचं मेंढरांचं कुत्रं. दुष्काळात मेंढरं विकली, कुत्रं तेवढं उरलं. माझा मित्र दिलीप, त्याच्या वडिलांनी, म्हणजे पेन्शनीतल्या सुभेदारसाहेबांनी, त्याला ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. पण ढाण्या दिलीपच्या घरचं मटणसुद्धा हुंगून सोडून द्यायचा. खायचा तो नामाच्या हातचंच.

"ह्यो उपाशी मरंल," नामा म्हणाला. "परवाच्या गाडीपत्तुर दुसऱ्या कुणाच्या हातचं खाल्लं न्हाई, तर म्या काय जात न्हाई. ऱ्हाऊ द्या ती नोकरी."

"अरे येड्या, सरकारी नोकरी. पुढं पेन्शन आहे!" दिलीप.

"त्येला कुठं पेन्शन हाय?"

यावर दिलीपनं तोडगा काढला. दिवसभर रानात हिंडवायचं, दमवायचं, कडकडून भूक लागली की दिलीपनं भाकरी पुढं करायची. वडिलांचा जाडजूड दोर घरात होताच, म्हणून कडा चढायचंही ठरलं. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी एसटी स्टँडवर उगाच उभा होतो, दिलीपच्या खांद्यावर दोर दिसला आणि मी त्यांच्या मागोमाग गाडीत चढलो.

दिलीपनं स्वतःचं कुत्रंही आणलं होतं, पांढरं, केसाळ, पिशवीत मावणारं. सुभेदारसाहेबांनी त्याचं नाव मेजर ठेवलंय. नोकरीभर ज्यांचे हुकूम ऐकले त्यांना म्हातारपणी 'मेजर, बैठ!' म्हणायला त्यांना फार बरं वाटतं.

मेढ्याकडं जाणारी सकाळची पहिली गाडी धरा, दुसरीला उभं राहायला लागतं. कुत्री मात्र पहिलीतही चालत नाहीत. कंडक्टर ढाण्याकडं बोट दाखवून ओरडला, "ही काय जनावरांची गाडी हाय व्हय? उतरवा त्येला!"

"मास्तर, आम्ही मिल्ट्रीची माणसं," दिलीप म्हणाला. "पिशवीत मेजर आहेत."

कंडक्टर स्वतः माजी सैनिक निघाला. त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "जय हिंद सर. मागच्या बाकाखाली बसवा दोघांस्नी. आन् भुंकलं तर दोघांचं कोर्ट मार्शल करीन."

फाट्यावर उतरून तासभर चाल आहे. वाडीत पहिल्याच घरी एक आजी चहा देतात आणि आधी सांगितलं तर भाकरी, पिठलं, खर्डा बांधूनही देतात. घ्याच, कारण पुढं काही मिळत नाही. पाण्याची काळजी नको, माथ्यावर कातळात कोरलेलं टाकं आहे, पाणी दात शिवशिवतील असं गार. खर्ड्याबद्दल आजींनी विचारलं होतं, "तिखाट चालंल न्हवं?" मी छाती काढून 'व्हय' म्हटलं. लष्करानं जी मोजली नाही ती छाती पुढं दिवसभर जळत होती.

वाटेवर बोरी लागल्या. मी बोरं पाडायला वळलो, तर मागून पँट ओढल्यासारखी झाली. ढाण्या! त्यानं मला ओढत वाटेवर आणलं आणि पुढं पळाला. नंतर मी एका जुन्या वीरगळाकडं वळलो, पुन्हा तेच. मग एक सरडा बघायला थांबलो. या खेपेला पँट टर्रकन फाटली.

"लय शाना कुत्रा हाय," नामा म्हणाला. "कळप फुटू देत न्हाई."

खरी पंचाईत कड्याखाली झाली. कडा तसा सोपा आहे, तीन मजली घराएवढा, हातापायाला खोबणी भरपूर. मागच्या अंगानं शेरडांची वाट माथ्यावर जाते. त्या वाटेनं दिलीपनं एकट्यानं वर जायचं, झाडाला दोर बांधायचा, असा बेत होता. ढाण्यानं त्याला दहा पावलंही जाऊ दिलं नाही. शेवटी आम्ही सगळेच वर गेलो, मेजरसकट. कडा चढायच्या आधीच कड्याचा माथा बघून, टाक्यातलं पाणी पिऊन झालं. तिथं दिलीपनं मोठ्या मायेनं भाकरीचा तुकडा पुढं केला. ढाण्यानं तोंड फिरवलं, तो तुकडा मेजरनं खाल्ला. नामाचं तोंड एवढंसं झालं.

"चला, आलोय तर चढून तरी घेऊ," दिलीप म्हणाला. नामानं ढाण्याला गळ्याशी धरून ठेवलं, दिलीप दोरापाशी बसला आणि मी एकटाच खाली जाऊन, कमरेला दोर बांधून चढायला लागलो.

निम्मं अंतर छान गेलं. मग डावीकडं एका अरुंद पट्टीच्या टोकाला कपार दिसली आणि कपारीत काहीतरी पांढरं. दोर तिथवर पोचेना. मी तो सोडला आणि पट्टीवरून सरकत गेलो. पांढरं म्हणजे एक फाटकी कॅनव्हासची चप्पल होती. ती कमरेला खोचली, ज्यानं ती सोडली त्याचं पुढं काय झालं असेल, असा विचार करत मी खाली बघितलं आणि दोन्ही हातांनी कातळ घट्ट धरला.

"सदू, दोर का हलका लागतोय रे?" वरून दिलीप.

"दोरात मी नाहीये!"

दोर दोनदा वर ओढला गेला.

"मग दोरात कोण आहे?"

तेवढ्यात वर झटापट ऐकू आली, नामाची एक शिवी ऐकू आली आणि पट्टीच्या पलीकडच्या टोकाच्या झुडपातून ढाण्या अवतरला. शेरडांच्या वाटेवरून तिथं यायला जागा होती, मला माहीत नव्हतं. त्यानं माझ्या पँटचा उरलेला भाग दातात धरला. मी हललो नाही. कातळाला पाठ लावून खालीच बसलो आणि भीतीनं काय करावं सुचेना म्हणून खिशातली भाकरी काढून खायला लागलो. हातातला तुकडा ढाण्यानं अलगद घेतला आणि खाल्ला.

झुडपातून नामाचं डोकं वर आलं. "खाल्लं?"

"काय?"

"भाकरी! तुज्या हातची खाल्ली का त्येनं?"

"अरे, मी इथं मरतोय!"

"मर मागनं. आदी अजून एक तुकडा दे बघू."

दुसराही खाल्ला. तिसराही. मग नामानं हात देऊन मला झुडपापलीकडं ओढलं. त्याचे डोळे ओले होते आणि तो मला यथेच्छ शिव्या देत होता.

दिलीपला राग आला. "आमचं मटण खात नाही आणि ह्याची शिळी भाकरी खातो?"

"तू सरळ माणूस हायस गड्या. वाटंनं जातोस, वाटंनं येतोस. तुज्याकडं त्येला काय काम? आन् ह्यो सदू बघ, सारका सुटतोय. ढाण्या कामावर असला की जेवतोय."

दुसऱ्या संध्याकाळी स्टँडवर नामा खिडकीत बसला. ढाण्या गाडीच्या दाराशी उभा, पाय पायरीवर. नामा त्याच्याकडं बघेना. कंडक्टरनं घंटी दिली तरी ढाण्या हटेना आणि नामानं पिशवी उचलली, उतरायलाच. मला एकच गोष्ट सुचली. मी पाठ फिरवून स्टँडच्या दुसऱ्या फाटकाकडं भराभरा चालत सुटलो. आजवर नुसताच भरकटलो होतो, त्या दिवशी मुद्दाम भरकटलो. रस्त्यापर्यंत पोचलो तरी मागं काहीच नाही. वळून बघायची हिंमत होईना. मग दुसरी पँटही ओढली गेली, टर्रकन. गाडी फाटकातून बाहेर पडून वळली, तेव्हा खिडकीतून एक हात बराच वेळ बाहेर होता.

त्या सहलीतून दोन फाटक्या पँटी, कपारीतली ती चप्पल आणि ढाण्या एवढं घरी आलं. आता माझं हिंडणं असं झालंय की पिशवी उचलली की ढाण्या दारात आडवा. त्याच्या हिशेबी कळप म्हणजे मी आणि आई. हलायचं तर दोघांनी हलायचं. त्यामुळं आठवडी बाजारापलीकडं कधी न गेलेली माझी आई दोन महिन्यांत तीन डोंगर चढून आलीय, छत्री घेऊन. गवळणीच्या कड्यालाही आली होती. पायथ्याशी बसून मला म्हणाली, "चढ, पण कुठं बघत बसू नगंस."

नामाचा निरोप आलाय. सुट्टीवर येतोय, ढाण्याला भेटेल आणि जमलं तर गावी घेऊन जाईल. मी आईला सांगितलं. ती ढाण्यापुढं भाकरी कुस्करत बसली होती.

मग म्हणाली, "त्या वक्ताला आपण कुठं जाऊया रं?"