अकरा ग्रॅम निळा

पांडेसऱ्याला गुजराती शेठच्या ज्या मिलमध्ये माझे पप्पा कलर मास्तर होते, तिथेच मी लॅबमध्ये लागले. साड्यांचं कापड छापणारी मिल. तिच्या कलर किचनमध्ये मोठमोठ्या पिंपांत गमाबरोबर, म्हणजे डिंकाच्या खळीबरोबर, रंग घोटतात, आणि कोणत्या रंगात काय किती पडायचं ते मास्तर सांगतो. पप्पा तेवीस वर्षं ते सांगत आले होते. आमच्या दोघांचं नातं सगळ्यांना माहीत होतं, तरी मिलमध्ये मी त्यांना कोणत्याच नावाने हाक मारत नसे. ‘पप्पा’ म्हणायला लाज वाटायची आणि ‘मास्तर’ तोंडातून निघत नसे. मग मी त्यांचं माझ्याकडे लक्ष जाईपर्यंत उभी राहायचे.

माझ्याकडे रंग मोजायचं मशीन होतं. एका मोठ्या खरेदीदाराने हट्ट धरला म्हणून शेठनी ते आणलं. कापड त्याच्या गोल खिडकीवर ठेवायचं, दाबायचं, की पडद्यावर तीन आकडे येतात: एक उजळ की गडद याचा, दुसरा लाल आणि हिरव्यामधला, तिसरा पिवळ्या आणि निळ्यामधला. मशीनमध्ये एकदाच साठवलेल्या मूळ नमुन्याच्या आकड्यांपासून एकूण फरक एकच्या आत असला तर शेड पास. तिसऱ्या आकड्यातला फरक उणे आला तर कापड निळ्याकडे झुकलेलं.

पहिल्या दिवशी पप्पा मशीनला वाकून बघत म्हणाले, “मशीनले डोया शेतस का?” घरी आणि माझ्याशी ते अहिराणीच बोलतात. मला सगळं कळतं, पण मी उत्तर हिंदीत देते. इंग्रजी शाळेने लावलेली ही सवय. मी म्हटलं, “आँख नहीं है, पप्पा, सिर्फ लाइट है.” ते हसले आणि पलीकडच्या वॉशिंगवाल्याला ओरडून सांगितलं, “सुन, मेरी बेटी लाइट से रंग पढ़ती है!” मला कुठे तोंड लपवू असं झालं.

त्यांच्या किचनमध्ये एक रीत होती. नवीन शेडसाठी नमुना समोर ठेवायचा, पण मिलमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेल्या जुन्या शेडसाठी नमुना कपाटातून काढायचा नाही. ती शेड मास्तरच्या डोळ्यात असते. कोणी नमुना काढलाच तर तो मास्तरचा अपमान. पप्पा उत्तरेकडच्या खिडकीपाशी छापलेला तुकडा धरायचे, मान जरा तिरकी करायचे, आणि म्हणायचे, “अर्धा ग्रॅम निळा आणखी.” ते मला आकडे सांगत, मी ते कॉम्प्युटरमध्ये घालून चिठ्ठी काढत असे, आणि वजनवाला त्या चिठ्ठीप्रमाणे रंग तोलत असे. शिवाय त्यांची स्वतःची वही होती. डावीकडे पेन्सिलीने मराठी आकडे, उजवीकडे चिकटवलेली चिंधी. मराठी आकडे मी शाळेत नाही, त्या वहीत शिकले.

पहिलं वर्षभर त्यांची चूक कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला असायची, आणि फार थोडी. नवरात्रीनंतर मात्र जुन्या शेडमध्ये तिसऱ्या आकड्यातला फरक रोज उणे येऊ लागला. आधी थोडा, मग जास्त. आकाशी रंगाला पूर्वी किलोमागे अकरा ग्रॅम निळा लागे. आता ते बारा सांगत होते. त्याच दिवसांत ते घरी दुधाला पिवळट म्हणाले, आणि आई त्यांच्यावर चिडली. मी ताटावर मान खाली घालून बसले होते. निळा का वाढतोय ते मला तेव्हाच कळलं होतं.

सांगायचं कसं? मास्तरला डोळ्याबद्दल विचारायचं म्हणजे नमुना कपाटातून काढण्यासारखंच. आणि शेठच्या कानावर गेलं असतं तर त्यांची जागा गेली असती. मी सोपा रस्ता काढला. पप्पा बारा म्हणाले, मी चिठ्ठीवर अकरा लिहिलं. कापड बरोबर छापून आलं, मशीनने पास केलं. मला वाटलं, मी त्यांना वाचवलं.

पण पप्पांनी तो तुकडा खिडकीपाशी नेला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांना तो पिवळट दिसत होता. दुसऱ्या दिवशी ते साडेबारा म्हणाले, पुढे तेरा. मी अकराच लिहीत राहिले. त्यांनी तराजू तपासून घेतला. वजनवाल्याला बोलले. शेवटी त्यांनी निळ्या रंगालाच दोष दिला.

रंग पुरवणारे काका गुजराती होते. पप्पांचे जुने स्नेही. मिलमध्ये आले की पप्पांच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा आधी संपवायचे आणि मग धंद्याचं बोलायचे. त्या दिवशी पप्पांनी त्यांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, “निळ्यात भेसळ करायला कधी सुरुवात केली?”

काका आधी हसले, त्यांना ती सकाळची थट्टा वाटली. “अरे मास्तर, ए ज कंपनी, ए ज डबो. सवार सवारमां मस्करी?”

“मस्करी नहीं. माल कमजोर है.”

“वीस वरसथी आ ज माल छे!”

“तो फिर मेरा हाथ झूठा है?”

“हाथ नहीं, मास्तर...” काका थांबले. त्यांनी पप्पांच्या डोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पडद्यावरचे आकडे वाचत असल्याचं दाखवलं.  काकांचे निळे डबे परत गेले, आणि त्यानंतर ते आमच्या मिलमध्ये आले नाहीत.

फेब्रुवारीत मला टायफॉइड झाला. पंधरा दिवस मी आमच्या नवागामच्या घरात पडून होते. लॅबमधला दुसरा मुलगा पप्पा सांगतील ते आकडे तसेच घालत होता, आणि जुनी शेड म्हणून मशीनवर न ठेवताच पुढे पाठवत होता. त्या दिवसांत आकाशी रंगाचा मोठा लॉट छापला गेला आणि खरेदीदाराकडून परत आला.

मी कामावर आले त्या दिवशी शेठनी आम्हा दोघांना बोलावलं. ते रागावलेले नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. मशीनचे जुने कागद समोर पसरून, मी नसतानाच रंग का बिघडला असं त्यांनी विचारलं: “मास्तर, बधुं बरोबर हतुं. छोकरी नहोती त्यारे ज केम बगड्युं?”

पप्पांनी कागद बघितले. मग माझ्याकडे बघितलं. मी अजून अशक्त होते, खुर्चीची पाठ धरून उभी होते.

“भूल मारी छे, शेठ,” चूक स्वतःवर घेत ते म्हणाले. एवढंच.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सोडली त्या संध्याकाळी पप्पांनी वही मागितली. आकाशी रंगाची पानं ते एकेक करून उलटत गेले. जुन्या पानांवर अकरा. यंदाच्या पानांवर बारा, साडेबारा, तेरा. आणि सगळ्या चिंध्या अगदी एकसारख्या. 

मग म्हणाले, “हाई मना हातनं नही.”

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

“तुले माहीत व्हतं ना?”

मी मान हलवून हो म्हटलं.

मला वाटलं होतं, ते विचारतील, मले का नही सांगं. पण ते म्हणाले, “मंग त्या काकाना काय दोष व्हता?”

 पुढच्या आठवड्यात ते एकटेच काकांच्या दुकानात जाऊन आले. काकांनी चहा पाजला, एवढंच आईला सांगितलं. काका त्यानंतरही मिलमध्ये आले नाहीत, आणि पप्पाही मिलमध्ये परत गेले नाहीत. शेठनी नवीन मास्तर ठेवला नाही. जुन्या शेडचे नमुने आता माझ्या टेबलावर असतात, रोज मशीनवर ठेवले जातात. कोणाचा अपमान होत नाही.

डाव्या डोळ्याची तारीख पप्पा पुढे ढकलत आहेत. आई विचारते, तर म्हणतात, एक पुरेसा आहे. गेल्या रविवारी ते दारात वही घेऊन बसले होते. परत आलेल्या लॉटची चिंधीही त्यांनी नंतर वहीत चिकटवली आहे, मला माहीत नव्हतं. ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून ते तिच्याकडे बघत होते, मान जरा तिरकी, खिडकीपाशी असायची तशीच.

मी जवळून जात होते. ते म्हणाले, “हाई बरोबर दिसस. बरोबर शे का?”

त्या चिंधीचा आकडा मला पाठ होता. मी त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसले.

“नही, पप्पा,” मी त्यांच्याच अहिराणीत म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. डोळ्यावरचा हात मात्र काढला नाही.