हाक सुमनला, ओ माझी

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून भांडी घासायला बसायची. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हताच... पण ऐंशीच्या दशकात मुंबईत जे झालं, ते सांगते.

मी गावी आचऱ्याला, सासूबाईंजवळ. धाकटी जाऊ सुमन मुंबईला. तिच्या नव्या खोलीच्या पूजेला गेले होते. घरातच स्वतःचा नळ! दीर दलाल स्ट्रीटवर एका शेअर दलालाकडे कामाला. मंगळवारी भरदुपारी सुमन म्हणाली, "वयनी, चला, ह्यांच्या कामाची गल्ली दाखयतंय."

अरुंद रस्ता, दगडी इमारती, आणि मधोमध माणसं हात वर करून शेअरचे भाव ओरडताहेत. त्यातून ही पर्स हलवत आपल्या अंगणातून चालावं तशी चाललेली. माझा नुसता जळफळाट! सासूबाईंचं दुखणंखुपणं मी काढायचं, आणि त्यांच्या तोंडी सदा सुमना, सुमना.

तेवढ्यात त्या गलक्यातून हाक आली. अगदी स्वच्छ.

"गो सुमनाऽऽ!"

आवाज सासूबाईंचा... आणि त्या तर आचऱ्याला!

सुमनला काहीच ऐकू आलं नव्हतं. आमच्याकडे एकाच हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा बोलावेल, नसेल तर... पण मी अशी चिडले — इथेही हिच्याच नावाने? ओरडलेच, "ओऽऽ! इलंय!"

"वयनी, कोणाक ओ दिल्यात?" सुमन घाबरली.

"कोणाक नाय," म्हटलं.

एस.टी.ने घरी आले, तर सासूबाई डोक्याला फडकं बांधून अंथरुणावर. मी तोंड उघडायच्या आधी त्याच बोलल्या, "मंगळवारी दुपारी न्हाणयेत पडलंय गो. घरात कोण नाय. उठूक जमाक नाय. सुमनाक हाक मारलंय, तर मागल्या दाराकडसून तुझी ओ इली. 'इलंय' म्हटलंस. मगे धीर इलो, भिंतीक धरून उठलंय."

मी त्यांच्या डोक्याचं फडकं नीट केलं. आणि विचारलंच, "आये, तुमी माका कित्याक हाक मारूक नाय?"

त्यांनी कूस बदलली आणि डोळे मिटून घेतले.

दलाल स्ट्रीटवरून आचऱ्याला माझी ओ कशी पोचली, देव जाणे. त्याचा नाद मी कधीच सोडला. पण जिवावर बेतलं तेव्हा त्यांच्या तोंडून सुमनचं नाव का आलं... सासूबाई जाऊनही आता वर्षं झाली, त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.